सातपुड्याच्या पायथ्याचा औषधी झाडपाला: नेहमी विचारले जाणारे प्रश्न

माझं माहेर शिरपूर तालुक्यातलं, सासर यावल तालुक्यातलं. शिक्षण डी. फार्म. गावात आमचं औषधांचं छोटं दुकान आहे. पावसाळ्यात रविवारी दुपारी शटर ओढलं की सासूबाईंबरोबर नाल्याकाठी, बांधाबांधाने पाला बघत हिंडायचं, हा गेल्या अठरा-वीस वर्षांचा नेम. त्यामुळे मला दोन्हीकडचे प्रश्न येतात. दुकानात गोळ्या घेता घेता कुणी विचारतं, "ताई, गुळवेल रोज घेतली तर चालते का?" बांधावर कुणी थांबवतं, "ताई, या पाल्यावर गोळी बंद करता येईल का?" तीच ती उत्तरं पुन्हापुन्हा द्यावी लागतात, म्हणून इथे लिहून ठेवली आहेत. मी वैद्य नाही आणि डॉक्टरही नाही, हे धरूनच वाचा.

सुरुवात कुठून करू?

ताटापासून. तुम्ही औषध शोधायला बाहेर पडता, पण आधी भाजी घेऊन या. आषाढ-श्रावणात आपल्याकडे तरोटा, घोळ, कुर्डू, तांदुळजा, फांग, करटुली, शेवग्याचा पाला मिळतो, आणि यातलं बरंचसं फुकट. भाजी म्हणून खाल्लेल्या पाल्याचं प्रमाण आपोआप मर्यादेत राहतं. तो शिजवला जातो, सोबत भाकरी असते, आणि घरातली एखादी म्हातारी "हे आपलं नाही" म्हणायला समोर बसलेली असते. काढा मात्र माणूस एकटाच करतो, एकटाच पितो, आणि कडू लागला म्हणजे गुणकारीच असणार असं समजतो.

मग पुढे दोन-तीन झाडं धरा. अडुळसा, निर्गुडी, गुळवेल. ती वर्षभर बघा. फक्त श्रावणात ओळखता येणारं झाड तुम्हाला अजून ओळखता येत नाही. वैशाखात गुळवेलीला पान नसतं, निंबावरून नुसती हिरवट दोरी लोंबत असते. तेव्हा बोट दाखवून "ही गुळवेल" म्हणता आलं, तर पुढच्या झाडाकडे जा.

गुळवेल नक्की कशी ओळखायची? पान तर पुष्कळ वेलींचं बदामी असतं.

पानावर जाऊच नका, खोड बघा. जुन्या वेलीची वरची साल कागदासारखी पातळ असते. नखाने खरवडली की सुटते आणि खाली हिरवं दिसतं. वेलीवरून सुतळीसारखी बारीक मुळं हवेत सुटलेली असतात. अंगठ्याएवढा जाड तुकडा आडवा कापला तर आत बैलगाडीच्या चाकासारखे आरे दिसतात. कापलेला तुकडा खुंटीला टांगून ठेवला तरी कित्येक दिवस मरत नाही, उलट फुटतो. "अमृता" हे नाव तिला उगाच पडलेलं नाही.

तिच्याच जातभाईंपैकी एका वेलीच्या खोडावर ठळक, दाट गाठी असतात. शास्त्रीय नाव टिनोस्पोरा क्रिस्पा. आपली ती टिनोस्पोरा कॉर्डिफोलिया. आपल्या गुळवेलीवरही बारीक ठिपके, फोड असतात, पण हाताला खडबडीत गाठोळं लागलं तर सोडून द्या. आयुष मंत्रालयाने २०२२ साली मुद्दाम सांगितलं होतं की औषधासाठी कॉर्डिफोलियाच वापरावी, क्रिस्पा नाही.

निंबावर चढलेली गुळवेल चांगली, असं जुने लोक मानतात. मीही निंबावरचीच घेते. निंबाच्या कडूपणाचा त्यात किती वाटा असेल ते असो, पण निंब बहुधा घराजवळ, देवळाजवळ असतो आणि तिथे फवारा पोचत नाही. माझ्यापुरतं एवढं कारण पुरतं.

मग ती रोज घ्यावी का? करोनात तर सगळेच घेत होते.

घेत होते, आणि दुकानात मला त्याचे परिणामही दिसत होते. २०२० साली तुळस, दालचिनी, मिरी, सुंठ, मनुका यांचा काढा दिवसातून एक-दोनदा घ्या, असं सरकारने सांगितलं. आपल्या लोकांनी त्यात गुळवेल, जेष्ठमध, लवंग, घरात सापडेल ते घातलं आणि दिवसातून पाचदा प्यायले. त्या उन्हाळ्यात तोंड आल्याच्या आणि छातीत जळजळीच्या औषधांना जेवढं गिऱ्हाईक होतं तेवढं मी आधी पाहिलं नव्हतं. जेष्ठमध सलग बरेच दिवस घेतला तर रक्तदाब चढतो, हे तर कुणाच्या गावीही नव्हतं.

गुळवेलीबद्दल सांगायचं तर २०२१ साली मुंबईच्या डॉक्टरांनी काही रुग्ण नोंदवले. त्यांनी गुळवेल घेतली होती आणि त्यांच्या यकृताला इजा झाली होती. आयुष मंत्रालयाचं म्हणणं पडलं की त्यांनी घेतलेली वनस्पती खरोखर गुळवेलच होती का, हे तपासलेलं नाही. वाद तज्ज्ञांचा आहे, पण आपल्यासाठी दोन्ही बाजूंमधून एकच गोष्ट निघते: ओळख चुकली तरी धोका, आणि ओळख बरोबर असली तरी महिनोन्‌महिने ढोसणं धोक्याचं. मी स्वतः ताप येऊन गेल्यावर, तोंडाची चव गेलेली असताना, आठ दिवस घेते आणि थांबते. ज्यांना संधिवाताचा, थायरॉईडचा किंवा त्वचेचा असा आजार आहे ज्यात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटते, त्यांनी घेऊ नये. किडनी बदललेल्यांनीही नाही. कावीळ होऊन गेली असेल तर डॉक्टरला विचारल्याशिवाय नाही.

तरोटा आणि टाकळा वेगळे का?

एकच. आपल्याकडे तरोटा, कोकणात टाकळा. पण तरोट्यासारखा दिसणारा कासविंदा वेगळा, आणि इथे मी स्वतः फसलेली आहे.

लग्नानंतरचा पहिला पावसाळा. सासूबाईंवर छाप पाडायची म्हणून एकटीच सकाळी नाल्याकडे गेले आणि ओचाभर कोवळा पाला खुडून आणला. निवडायला बसलो. सासूबाईंनी एक डहाळी उचलली, पानाचं टोक दोन बोटांत धरलं आणि काही न बोलता ती बाजूला ठेवली. मग दुसरी. मग तिसरी. अर्धा ओचा बाजूला निघाला. माझ्या आईने शिकवलं होतं, "वास घे, तरोट्याला उग्र वास येतो." पण वास दोघांनाही येतो! त्यांनी दाखवलं ते असं: तरोट्याच्या देठावर पानांच्या तीन जोड्या, प्रत्येक पान टोकाला रुंद, गोलसर, चमच्यासारखं. कासविंद्याला चार-पाच जोड्या आणि पानाचं टोक निमुळतं, टोचेल असं. शेंगा धरल्या की तर प्रश्नच नाही. तरोट्याची शेंग बारीक, लांब, विळ्यासारखी वाकडी, आणि कासविंद्याची चपटी, आखूड, वर तोंड करून उभी.

हा फरक किती मोलाचा आहे ते मला पुढे कळलं. पश्चिम उत्तर प्रदेशात दरवर्षी पावसाळ्यानंतर लहान मुलं एका गूढ आजाराने दगावत होती. सुरुवातीला तो मेंदूज्वर समजला गेला. २००७ च्या सुमारास तिथल्या डॉक्टरांनी दाखवून दिलं की मुलं खेळता खेळता कासविंद्याच्या शेंगा, बिया खात होती, आणि त्याने यकृत, स्नायू, मेंदू तिन्हींना इजा होत होती. कासविंद्याच्या भाजलेल्या बियांची कॉफी करतात, कोवळा पाला काही ठिकाणी शिजवून खातात, हे मला माहीत आहे. आमच्या घरात तो येत नाही.

घोळ ओळखण्याची एक खूण सांगा.

देठ मोडा. पांढरा चीक आला तर ती घोळ नाही, दुधी नावाच्या चिकाच्या तणाच्या जातीचं काहीतरी आहे. घोळीचा देठ पाणीदार असतो, चीक येत नाही. आणि मुतखडा असलेल्यांनी घोळ बेताने खावी, त्यात खडा धरवणारं ऑक्झलेट बरंच असतं. माहेरी ळ चा य होतो, त्यामुळे मी ती "घोय" म्हणूनच खाल्ली आहे, आणि तूरडाळीत घातलेल्या घोयीच्या भाजीपुढे मला पालक आवडत नाही.

आपल्या भागात खरोखर विषारी काय आहे?

पुष्कळ. आणि त्यातलं बहुतेक देवाला वाहिलं जातं, औषधात वापरलं जातं, म्हणून लोकांना ते निरुपद्रवी वाटतं.

धोतरा पहिला. पान, फूल, बी, सगळंच. तोंड कोरडं पडतं, चेहरा लाल होतो, डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या होतात, माणूस बरळतो, हवेतल्या वस्तू पकडायला जातो. असं दिसलं की ताक पाजणं, लिंबू चाटवणं यात वेळ घालवू नका, १०८ ला फोन करा. गुंजेचं लालकाळं बी, एरंडाचं बी, कण्हेर, रुईचा चीक हे बाकीचे. एरंडेल वेगळं आणि एरंडाची बी वेगळी, हेही सांगून ठेवते.

पण मला सगळ्यात भीती वाटते ती कळलावीची. सातपुड्याच्या कडेला, काटेरी झुडपांतून ती श्रावणात अशी फुलते की फोटो काढल्याशिवाय राहवत नाही: पाकळ्या वर वळलेल्या, खाली पिवळ्या, वर लाल. तिचा कंद रानकंद समजून खाल्ला जातो. त्यात कोल्चिसीन असतं. तेच औषध गाऊट या सांध्यांच्या आजारासाठी अतिशय मोजून-मापून देतात, मिलिग्रॅमच्याही अंशात. कंदात ते किती आहे हे खाणाऱ्याला कळत नाही. आधी जुलाब-उलट्या होतात, पोट बिघडलं असं वाटतं, आणि खरी इजा नंतर होते. फूल नसतानाची खूण पानात आहे. पानाचं टोक सुतळीसारखं बारीक होऊन गुंडाळलेलं असतं आणि त्याच टोकाने ती शेजारच्या झाडाला धरून चढते. असं पान दिसलं की खाली कुदळ मारायची नाही.

अडुळशाचा काढा आणि दुकानातलं खोकल्याचं औषध, चांगलं कोणतं?

गंमत सांगते. माझ्या फळीवर खोकल्याची जी सिरपं आहेत त्यांतल्या कित्येकांत ब्रोमहेक्सीन किंवा अँब्रोक्सॉल असतं. छातीतला कफ पातळ करणारी ही औषधं. ब्रोमहेक्सीन बनवलं गेलं ते अडुळशातल्या व्हॅसिसीन या द्रव्याच्या धाग्यावरून, आणि अँब्रोक्सॉल हा ब्रोमहेक्सीनचाच पुढचा भाऊ. म्हणजे काउंटरच्या दोन्ही बाजूंना झाड एकच.

फरक आहे तो मापाचा. बाटलीवर मिलिग्रॅम लिहिलेले असतात. पानात किती आहे ते जमीन, हंगाम, पानाचं वय यांवर ठरतं. साध्या सर्दी-पडशानंतरच्या खोकल्याला आमच्याकडे दोन-तीन पिकली पानं तव्यावर गरम करून, ठेचून, त्यांचा चमचाभर रस मधातून देतात, तीन-चार दिवस. एक वर्षाखालच्या बाळाला मध द्यायचा नाही. गरोदर बाईने अडुळसा घ्यायचा नाही, त्याने गर्भाशय आकुंचन पावतं. आणि दोन आठवड्यांहून जास्त खोकला, संध्याकाळचा बारीक ताप, वजन उतरणं असेल तर अडुळसा बाजूला ठेवून सरकारी दवाखान्यात थुंकी तपासून घ्या. टीबीची तपासणी आणि औषधं तिथे फुकट आहेत. अडुळशाने खोकला थोडा दबतो आणि माणूस दोन महिने उशिरा दवाखान्यात पोचतो, असं आमच्या गावात झालेलं आहे.

अडुळसा ओळखायला सोपा. शेळीसुद्धा त्याला तोंड लावत नाही, म्हणून लोक कुंपणाला लावतात. कुंपणावर हिरवंगार, अखंड पानांचं झुडूप उभं असेल आणि शेजारून शेळ्या निमूट जात असतील तर जवळ जाऊन बघा.

काढ्याचं प्रमाण काय धरायचं?

जुनी रीत अशी: वाळवून भरड कुटलेली वनस्पती एक भाग, पाणी सोळा भाग, मंद आचेवर उघड्या भांड्यात आटवून आठवा भाग ठेवायचा. म्हणजे १० ग्रॅमला १६० मिली पाणी आणि उरेल साधारण २० मिली, चहाच्या कपाचा तळ. लोक ग्लासभर काढा पितात तो कुठल्या हिशेबाने, देव जाणे.

भांडं स्टीलचं किंवा मातीचं घ्या. हिरडा, आवळा यांसारखं तुरट-आंबट काही ॲल्युमिनियमच्या पातेल्यात उकळू नका. काढा त्याच दिवशी संपवायचा, फ्रिजमध्ये आठवडाभर ठेवायचा नाही. आणि एका वेळी एकच वनस्पती. पाच एकत्र उकळल्या आणि अंगावर पित्त उठलं तर दोष कुणाला द्याल?

वाळवायचं कसं? माझी पानं काळी पडतात.

उन्हात टाकत असाल. जळगाव-भुसावळचं ऊन म्हणजे पापड-कुरडयांचं ऊन. एप्रिल-मेमध्ये पारा ४५ च्या आसपास जातो आणि गच्ची त्याहून तापते. मी पहिल्यांदा निर्गुडीची पानं गच्चीवर टाकली आणि जेवून वर गेले तर ती चुरगळून भुगा झालेली, वास उडालेला. पाला सावलीत, वारा खेळता असेल अशा खोलीत, सुती कापडावर एकेरी थर करून वाळवायचा. रोज उलटायचा. पावसाळ्यात आणलेला पाला भिंतीला टेकवून गठ्ठ्यात ठेवला तर दोन दिवसांत बुरशी धरतो. बुरशीचा वास आला की सगळाच फेकायचा, निवडून ठेवायचा नाही.

पान फुलण्याआधी घ्यावं, सकाळी दव उडाल्यावर. बी झाडावर पिकल्यावर. बरणीवर नाव, जागा आणि महिना लिहून चिठ्ठी लावा. वाळल्यावर सगळा पाला एकसारखाच दिसतो. वर्षानंतर उरलेला कोरडा पाला मी तुळशीच्या खताला घालते.

शेताच्या बांधावरचं घेतलं तर चालेल ना?

कुणाच्या शेताचा बांध, ते सांगा. खानदेशात कपाशी आणि केळी. कपाशीवर हंगामात किती फवारण्या होतात हे शेतकऱ्याला सांगायला नको, आणि बांधावर तणनाशक मारलं जातं ते वेगळंच. तण मरायला दिवस लागतात, तोवर ते हिरवंच दिसतं. मी बांधावरचं फक्त आमच्या शेतातलं घेते, तेही शेवटची फवारणी कधी झाली ते ह्यांना विचारून. रस्त्याकडेचं नाही, गटाराकाठचं नाही, सांडपाणी सोडलेल्या नाल्यातलं नाही. घरी आणल्यावर मिठाच्या पाण्यात बुडवतात, त्याने माती आणि किडे जातात, फवारलेलं औषध पुरतं जात नाही.

गाजर गवतापासूनही जपा. १९५५ च्या सुमारास ते पुण्यात पहिल्यांदा दिसलं आणि आता आपला एकही बांध त्याच्याशिवाय नाही. त्यात बसून पाला खुडला की काहींच्या हाताला, मानेला खाज सुटते ती महिनाभर जात नाही. पूर्ण बाह्यांचा शर्ट घाला. सापाचीही तीच वेळ, तीच जागा. पायात बूट, हातात काठी.

जंगलातून आणायला परवानगी लागते का?

यावलचं रान १९६९ पासून अभयारण्य आहे. गौताळा, अनेर धरण हीसुद्धा अभयारण्यं. तिथून परवानगीशिवाय पानही उचलायचं नाही, वन्यजीव कायदा १९७२ चा आहे आणि त्यात वनस्पतीही येतात. २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनउपज गोळा करण्याचा हक्क दिला आहे तो जंगलात राहणाऱ्या आदिवासींना आणि पिढ्यान्‌पिढ्या त्या जंगलावर जगणाऱ्यांना. मोह, डिंक, चारोळी, हिरडा-बेहडा हे त्यांचं वर्षाचं पीठमीठ आहे. आपण मोटारसायकलवर पिशव्या घेऊन जायचं आणि ते भरून आणायचं, हे मला कायद्याआधी लाजेच्या हिशेबात चुकीचं वाटतं. पाहिजे तर बाजारात त्यांच्याकडून विकत घ्या आणि भाव करू नका.

सफेद मुसळी, शतावरी खणून आणली तर?

नको. पान खुडलं तर झाड पुन्हा फुटतं, मूळ उपटलं की झाड संपलं. आजी अहिराणीत म्हणायची, "पान तोडानं, मूळ नई उपटानं." सातपुड्यात मुसळी एके काळी पावसाळ्यात सर्रास दिसायची, व्यापाऱ्यांचा भाव आला आणि लोकांनी फुलायच्या आतच खणून काढली. आता शेतात लावलेली मिळते, ती घ्या. तिच्या शास्त्रीय नावात बोरिव्हिलियानम आहे, म्हणजे मुंबईचं बोरिवली, पण सातपुडेकरांना ते सांगून पटत नाही.

सालींचंही तेच. खोडाभोवती गोल साल काढली तर अर्जुनाएवढं झाडसुद्धा उभं वाळतं.

शुगरसाठी गुडमार, कारलं, जांभळाची बी... गोळी बंद करता येईल का?

नाही. आठवड्यातून निदान दोनदा मी हे काउंटरवर सांगते.

गुडमारचा म्हणजे बेडकीच्या पाल्याचा चमत्कार मात्र एकदा करून बघा. ताजं पान मिनिटभर चावा, थुंका, चूळ भरा आणि मग जिभेवर साखर ठेवा. वाळू! काही गोडच लागत नाही. गूळ घेतला तर चिकट माती. पंधरा-वीस मिनिटांनी चव हळूहळू परत येते. त्यातली द्रव्यं जिभेवरची गोडाची जाणीव तात्पुरती बंद करतात, म्हणून नाव गुडमार. पण जिभेवरचं गोड मेलं म्हणजे रक्तातली साखर मेली नाही. पाला थोडीफार साखर उतरवतोही, आणि अडचण तिथेच आहे. गोळी चालू असताना वरून पाला घेतला तर साखर एकदम खाली जाते. घाम, थरथर, डोळ्यांपुढे अंधार. घ्यायचाच असेल तर डॉक्टरला सांगून आणि घरी मशीनवर मोजून.

रक्त पातळ करणारी गोळी, फिटची गोळी, हृदयाची गोळी चालू असलेल्यांनी कुठलाही काढा विचारल्याशिवाय घेऊ नये. ऑपरेशन ठरलं असेल तर भूल देणाऱ्या डॉक्टरला आधी सांगा. "ते तर घरगुती आहे" म्हणून लोक हे लपवतात.

बाळघुटीत मुरुडशेंग उगाळून द्यावी का?

सासूबाई आणि मी, आमचं फक्त याच एका गोष्टीवर पटलं नाही. मुरुडशेंग सातपुड्यात भरपूर, पिळलेल्या दोरीसारखी शेंग, आणि मुरडा आला की तीच द्यायची असा आकारावरूनच लोकांनी अर्थ लावला असावा. मोठ्यांना पोटात मुरडा आल्यावर उगाळून चाटवतात, त्याला माझी हरकत नाही. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला मात्र आईच्या दुधाशिवाय काही नाही, पाणीसुद्धा नाही. सहाणेवरचं पाणी, उगाळणाऱ्याचं बोट, वेखंड-जायफळाचे न मोजलेले वळसे, यातलं काय बाधेल सांगता येत नाही. माझ्या दोन्ही मुलांना घुटी दिली नाही. सासूबाई आठ दिवस बोलल्या नाहीत, मग बोलल्या.

अंगदुखी, मुका मार, खरचटणं, यावर काय?

इथे झाडपाला खरा उपयोगी पडतो, कारण पोटात काही जात नाही. गिरणेच्या, पांझरेच्या, कुठल्याही नाल्याच्या काठी निर्गुडी असते. हाताच्या पंज्यासारखं तीन ते पाच पानांचं पान, खालून पांढरट, फुलं निळसर-जांभळी. पानं तव्यावर गरम करून, एरंडेल लावून, कापडाने दुखऱ्या गुडघ्यावर बांधायची. उकळलेल्या पाण्याचा शेकही चालतो. हीच वाळलेली पानं ज्वारीच्या कोठीत घातली की कीड कमी लागते.

खरचटल्यावर एकदांडीचा पाला चोळून लावतात, तिलाच काही जण जखमजोडी म्हणतात. आधी जखम स्वच्छ पाण्याने धुवा, आणि लोखंड किंवा शेणामातीतली जखम असेल तर धनुर्वाताचं इंजेक्शन घ्याच.

बिब्बा घालू नका. टाचेला चटका म्हणून घातलेल्या बिब्ब्याने भाजलेले पाय मी मलमपट्टी देताना पाहिले आहेत. बिब्ब्याची सुकवलेली फुलं आणि आतली गोडंबी मात्र खुशाल खा.

कावीळ, सर्पदंश, मुतखडा?

कावीळ: नाकात कडू थेंब टाकणाऱ्याकडे जाऊ नका. कुकडवेलीसारख्या फळांचा तो रस असतो, नाकाची आतली त्वचा जळते, पिवळं पाणी वाहतं आणि लोकांना वाटतं कावीळ बाहेर पडली. आधी रक्त तपासा, कावीळ कशाने झाली ते कळू द्या.

सर्पदंश: झाडपाला नाही, चिरा नाही, दोरी आवळणं नाही. हात-पाय हलवू न देता सरळ दवाखाना. प्रतिविषाशिवाय दुसरं औषध नाही.

मुतखडा: आपल्या उन्हाळ्यात पाणी कमी पडतं, हेच पहिलं कारण. सराट्याचा, म्हणजे गोखरूचा, काढा लोक घेतात. सायकलची ट्यूब पंक्चर करणारा तोच. खडा केवढा आणि कुठे आहे ते सोनोग्राफीत बघितल्याशिवाय काही घेऊ नका. ताप आणि थंडी वाजून लघवी बंद झाली तर रात्रीच निघा.

उन्हाळ्यासाठी काही सांगा, सगळं "नको नको" झालं.

खरं आहे. उन्हाळ्यात माझं काही "नको" नसतं. चैत्रात बेलफळं पिकतात. पिकलेलं फळ फोडायचं, गर पाण्यात तासभर भिजवायचा, हाताने कुस्करून गाळायचा आणि गुळाचं सरबत करायचं. बियांभोवतीचा चिकट भाग रगडून गाळू नका, सरबत तुरट होतं. वाळ्याची जुडी माठात. सब्जा भिजवून लिंबाच्या सरबतात. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, कैरीचं पन्हं. नंदुरबारकडच्या आमचुराची चिमूट ताकात किंवा डाळीत. अंबाडीची वाळवलेली बोंडं असतील तर त्यांचं लाल सरबत. कोरफडीचा गर खायचा असेल तर पान कापून अर्धा तास उभं ठेवा, पिवळा चीक गळून जाऊ द्या, मग धुऊन गर काढा. त्या पिवळ्या चिकानेच पोट बिघडतं.

दुधी भोपळ्याचा रस पिणाऱ्यांनी आधी तुकडा चाखावा. कडू लागला तर अख्खा दुधी फेकावा. कडू दुधीने माणसं दगावलेली आहेत.

मोबाईलच्या ॲपवर झाड ओळखलं तर चालेल?

नाव शोधायला चालेल, खायला नाही. ॲपने मला एकदा कासविंदा तरोटा म्हणून दाखवला. नावांचा गोंधळही आहे. ब्राह्मी म्हणून दोन अगदी वेगळ्या वनस्पती विकल्या जातात, शंखपुष्पीचं तर विचारूच नका. म्हणून ज्याच्याकडून शिकता त्याला झाड उभं असताना दाखवायला सांगा, पुडीतलं नाही.

शिकायला कुणाकडे जाऊ?

आठवडी बाजारात. चोपडा, यावल, धडगाव, कुठेही. पावसाळ्यात पावरा, भिल्ल, तडवी बाया पाल्याचे वाटे मांडून बसतात. गर्दी उलगडल्यावर, दुपारच्या पुढे जा. दोन वाटे विकत घ्या, मग विचारा: कसं निवडायचं, किती वेळ शिजवायचं, पहिलं पाणी फेकायचं का. ऑगस्टमध्ये कृषी विभाग रानभाजी महोत्सव भरवतो, तिथे तीच बाई तीच भाजी शिजवून दाखवते, पण माईकवर लाजते. बाजारात मोकळी बोलते. मागच्या श्रावणात एकीने मला फांगाची भाजी सांगितली: लसूण जास्त, तिखट कमी, पाला अगदी शेवटी आणि झाकण नाही. मी विचारलं, झाकण का नाही? ती म्हणाली, "झाकलं का कायी पडते, बाई."

पाला काळा पडतो. तेवढंच.